बांगड्या मोजणारी कमल

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याला चक्कीवर दळण घेऊन बसले होते. फोन तिच्या सुनेनं, वंदनानं केला. "मावशी, आई गेल्या. सावकाश या, घाई नाही." ती रडली नाही, मीही नाही. कमल माझी पाठची बहीण. मेलेल्या माणसाचं चांगलंच सांगावं म्हणतात. तसं सांगायचं तर दोन ओळींत संपेल. वांग्याचं भरीत झकास करायची, आणि पोटात एक ओठात एक असं तिचं कधी नव्हतं. जे वाईट होतं ते सगळं ओठातच होतं.

लग्न होऊन सौंसरला गेली. तिशीच्या आत नवरा गेला. तेव्हा तिच्या सासूनं तिच्या हातच्या बांगड्या पाट्यावर आपटून फोडल्या, काच मनगटात शिरली. तो वण मरेपर्यंत होता. ज्याला दुखलं तो दुसऱ्याला दुखवत नाही म्हणतात... खोटं आहे. तिचा एकुलता एक राजू संत्र्याच्या हंगामात गाडी चालवायचा, बाकी वर्ष खाटेवर. घर चालेना, तेव्हा बारावी झालेल्या वंदनानं आयटीआयमध्ये वेल्डिंगला नाव घातलं. कमल नाही म्हणाली नाही, घरात कोणीतरी कमवायला हवंच होतं. पण अट घातली. "हातातल्या बांगड्या उतरवायच्या नाहीत. नवरा जिता आहे तुहा."

आता वेल्डिंगचा हातमोजा जाड चामड्याचा असतो, काचेच्या बांगड्यांवरून तो चढत नाही. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बांगड्या काढा, नाही तर मशीनला हात लावू नका. म्हणून वंदना तिथं गेली की बांगड्या काढून जेवणाच्या डब्यात ठेवायची आणि निघताना पुन्हा घालायची. कमलला संशय होताच. रोज संध्याकाळी दारातच सुनेचा हात धरून बांगड्या मोजायची. तापल्या लोखंडाचा चटका बसलेला असला तर त्या चटक्यावरूनच बोट सरकवत मोजायची. वंदना हात पुढे करून उभी राहायची. तिला काहीही करून परीक्षेपर्यंत पोचायचं होतं.

एका शुक्रवारी एक बांगडी कमी भरली. डब्यात पिचली होती.

"म्हणजे काढत होती तू!" कमल ओरडली. "पोराच्या जिवावर उठली माह्या!"

दुसऱ्या दिवशी शनिवार. अपशकुन उतरवायला तिनं राजूला जामसांवलीला मारुतीपुढे नारळ फोडायला धाडलं. तो कुरकुरला, "बांगडी तिची फुटली, मंग मी कायले जाऊ?"

"जा मुकाट्यानं. जीव तुहाच आहे."

परत येताना ट्रकनं उडवला. प्रसादाचं खोबरं पिशवीत शाबूत होतं.

सगळं सौंसर बांगडीबद्दल बोललं. मी एवढंच विचारलं, "कमल, त्याले धाडलं कोणं?" त्यावर ती दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. वंदनाच्या बांगड्या तिनं स्वतः फोडल्या, त्याच पाट्यावर. मी तिचा हात धरला तर झटकून टाकला. शेवटची बांगडी फुटल्यावर सुनेला म्हणाली, "घाल आता तुहा हातमोजा. बसते आता." अंगण बायांनी भरलेलं होतं. कोणी मान वर केली नाही.

तेरावं झाल्यावर वंदना आयटीआयला गेली. हातमोजा बसला. तिचे डोळे लाल असायचे, वेल्डिंगच्या उजेडानं की रडून, ते मी विचारलं नाही. पास झाली, खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्या दुकानात लागली. तिच्या कमाईची भाकर कमल खायची आणि खाता खाता तिला नावं ठेवायची. मग कमलला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. वंदनानं तिच्यासाठी लोखंडी पलंग केला, डाव्या हातानं धरून उठता यावं म्हणून बाजूला एक वाकवलेला दांडा जोडला.

कमल म्हणाली, "तिरडीचं माप घेतलं काय माह्या?"

"तिरडी बांबूची राहते, आई. हे लोखंड आहे, टिकते."

तो दांडा धरून कमल तीन पावसाळे उठली-बसली, आणि प्रत्येक वेळी सुनेला शिव्या दिल्या. वंदनानं तिचं हगणं-मुतणं काढलं. प्रेमानं काढलं असं मी लिहिणार नाही. काढलं, एवढंच.

कमलचं तेरावं होऊन महिना झाला, तेव्हा परवा पुन्हा सौंसरला गेले. खोलीत पलंग नव्हता. "कापला, मावशी," वंदना चहा गाळत म्हणाली. "फाटकाले लागला." येताना मी लक्षच दिलं नव्हतं. निघताना पाहिलं, अंगणाला नवं फाटक होतं आणि धरायला तोच वाकवलेला दांडा. कमलच्या हातानं घासून घासून गुळगुळीत झालेला. मी ओढला तर फाटक असं करकरलं की गल्लीतलं कुत्रं उठलं.

"अवं, तेल टाक यात," मी म्हटलं. "किती ओरडून राहिलं हे!"

वंदना दारात उभी होती, दोन्ही हात बोडके.

"ओरडू द्या, मावशी. मोजत तर नाही."