लिंकवरून आलेले पाहुणे

आचऱ्यातल्या आमच्या खोल्यांची वेबसाइट झाली, तेव्हा सायबर कॅफेवाल्याशी मी ठरवलं: त्याच्या पानावरची लिंक दाबून कुणी खोली घेतली, तर कमिशन त्याला. मग तो मासळीबाजारातही ‘माझ्याच लिंकवरसून जावा रे’ म्हणत फिरायचा.

एकदा स्टँडवर उतरलेलं जोडपं त्याने आमच्या दारापर्यंत आणलं आणि तिथूनच मागे कॅफेकडे फिरवलं. लिंक दाबायची राहिली होती! कॅफेत वीज नव्हती. दोघं बिचारी बॅगांवर बसून राहिली. मी वैतागून तिथे गेले.

“रे बाबा, कमिशन हातात देतंय, पण त्यांका सोड!”

“नको वैनी. हातात घेतलंय तर लोक दलाल म्हणतले. लिंकवरसून इला तर बिझनेसमन.”

मग मीही त्यांच्याच एका बॅगेवर बसले, विजेची वाट बघत.