कागदावरचे चार पट्टे

बाईंना मुलं मागून ‘दुर्बीण’ म्हणायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. आवडायचंही, पण तसं कबूल करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा आणि स्वतःचा दरारा, उभ्या आयुष्यात त्यांनी जिवापाड जपलं ते एवढंच. लग्न राहून गेलं, त्याचं त्यांना कधी फारसं वाटलं नाही. एकदा एका पोराने थोरल्या भावाची जुनी पट्टी आपली म्हणून वहीत चिकटवली, तर बाई टेबलापलीकडूनच म्हणाल्या, “हा हिरवा कधीच विटलाय. भावाला माझा नमस्कार सांग.” त्यानंतर त्यांच्या तासाला लबाडी करायची कुणाची छाती झाली नाही.

पट्टी म्हणजे गाळणकागदाची, बोटभर रुंद. पालकाची पानं ॲसिटोन घालून खलात घोटायची, त्या गडद रसाचा ठिपका कागदाच्या खालच्या टोकाला द्यायचा आणि कागद बरणीत लटकवायचा. तळाशी थोडंसं द्रावक. ते कागदातून वर चढतं आणि पानातले रंग सोबत घेऊन जातं. जो रंग द्रावकात चटकन विरघळतो तो पुढे पळतो, जो कागदाला चिकटून राहतो तो मागे पडतो. सगळ्यात वर कॅरोटीनचा नारिंगी-पिवळा पट्टा, त्याखाली झँथोफिलचा पिवळा, मग क्लोरोफिल ए निळसर हिरवं आणि शेवटी क्लोरोफिल बी पोपटी. आपण ज्याला नुसतं हिरवं म्हणतो ते असं चौघांचं एकत्र कुटुंब असतं, आणि ते वेगळं होताना बघायला बाईंना इतक्या वर्षांनीही लहान मुलीसारखा आनंद व्हायचा.

अशा बाईंच्या डोळ्यांतून गेल्या वर्षभरात रंग निघून गेले होते. आधी लाल-हिरवा एकसारखे झाले, मग हळूहळू सगळ्यावरच राख पसरली. डॉक्टरने दिवा डोळ्यांवर मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “नस सुकत चाललीय. आधी रंग जातात. बाकीची नजर किती टिकेल, ते मी नाही सांगू शकत.” बाई घरी आल्या, चहा केला आणि धाकट्या बहिणीला ताकास तूर लागू दिली नाही. नवरा गेल्यापासून धाकटी त्यांच्याकडेच राहत होती आणि पुढच्या खोलीत शिवणकाम करत होती. कॉलेजात तर त्याहून मिठाची गुळणी. प्राचार्यांना कळलं असतं, तर प्रयोगशाळा दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कुणाकडे गेली असती. आणि ती गेल्यावर आपल्यात काही उरणार नाही, असं बाईंना वाटायचं. याचीच त्यांना भीती होती, आंधळेपणाचीसुद्धा एवढी नव्हती.

निभत होतं, कारण पट्ट्यांचा क्रम बदलत नाही. रंग दिसो न दिसो, फिकट-गडद कळत होतं. वरचा कॅरोटीन, खालचा बी, मधले दोघे ठरलेले. बाई वर्षभर पाठांतरावर शिकवत राहिल्या आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवशीही तास नेहमीसारखा चालला होता. खोलीत द्रावकाचा उग्र वास भरला होता. खिडक्या उघडूनही डोकं जड व्हावं, असा. बाई बरण्यांमधून फिरत होत्या. बहुतेकांच्या पट्ट्या फिसकटलेल्या, कुणी ठिपकाच द्रावकात बुडवलेला. एका मुलीच्या पट्टीवर मात्र चार रेघा कशा आखीव उठल्या होत्या. ही मुलगी एरवी अबोल, मागच्या बाकावरची. बाईंना तिचं फार कौतुक वाटलं. त्यांनी पट्टी चिमट्याने उचलली आणि सगळ्यांपुढे धरली.

“असं काम हवं. बघा, वर कॅरोटीन, नारिंगी-पिवळं. हे खाली झँथोफिल, स्वच्छ पिवळं. मग ए, मग बी. दिसतंय ना सगळ्यांना?”

वर्ग गप्प होता. खिदळणारी बाकंसुद्धा गप्प होती. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “हो, बाई.” आणि पाठोपाठ सगळेच म्हणाले. इतक्या शांतपणे वर्गाने कधी ऐकलं नव्हतं. बाई सुखावल्या. दुसऱ्या तुकडीला दाखवायला म्हणून त्यांनी ती पट्टी पुस्तकात घालून घरी आणली.

संध्याकाळी धाकटी टेबलावरचा पसारा आवरताना हसली. “ताई, तू आता स्केचपेनं पण शिकवतेस का गं?”

“काय?”

“ही पट्टी. काळ्या स्केचपेनचा ठिपका देऊन कागद पाण्यात धरला की असंच होतं. आम्ही लहानपणी करायचो. वर आकाशी, मग गुलाबी, मग जांभळं, खाली पिवळं.” बोलता बोलता तिने वर पाहिलं. “ताई?”

बाईंनी पट्टी तिच्या हातातून घेतली आणि नाकाशी नेली. कागदाला द्रावकाचा वास नव्हता. त्यांनी ती परत पुस्तकात ठेवली. पोरीने फसवलं, याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना ऐकू येत होतं ते “हो, बाई”. भरल्या वर्गाने आकाशीला नारिंगी म्हटलं होतं. एकही पोर हसलं नाही. टिंगल झाली असती तर बाई सगळ्यांना झाडून काढून, जेवून झोपल्या असत्या. दयेचं काय करायचं, ते त्यांना कळत नव्हतं.

“कधीपासून?” धाकटीने विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं. धाकटी रडली, बाई रडल्या नाहीत.

सकाळी त्या कुणी बोलवायच्या आत प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. प्राचार्यांनी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, बहुधा खरंच वाटलं असेल. “प्रात्यक्षिकं नव्या सरांना देऊ,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त शिकवा. फळ्यावर.” प्रयोगशाळेची किल्ली बाईंनी त्यांच्या टेबलावर ठेवली.

मग तास घेतला. फळ्यावर पांढऱ्या खडूने मोठं हरितलवक काढलं. बाहेरचा पडदा, आतला पडदा, मधे चकत्यांच्या उतरंडी. “हिरवं असतं ते या चकत्यांच्या पडद्यात,” त्या म्हणाल्या. “भोवतीच्या रसात नसतं.” हात सरावाचा होता, एकही रेघ चुकली नाही. मुलांनी माना खाली घालून आकृती उतरवून घेतली. कुणी शंका विचारली नाही.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. ती मुलगी तेवढी दाराशी राहिली.

“बाई, माझा रस सांडला होता. पुन्हा घोटायला वेळ नव्हता, म्हणून मी…”

“कळलं मला.”

“मी फसवायला नव्हतं केलं, बाई.” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही बघताक्षणी ओरडाल. आणि पुन्हा करायला लावाल.”

बाईंनी हातातला खडू फळ्याखाली ठेवला. ती जाईपर्यंत त्यांना तिच्यावर ओरडता आलं नाही.