कारल्याचं उत्तर

आमच्या लहानपणचा नवरा-बायकोचा खेळ टीव्हीवर पुन्हा सुरू झालाय. सूत्रसंचालक नवे, दोघंही उगाचच हसणारे. प्रश्न मात्र जुनाच, "तुमच्या अहोंची आवडती भाजी कोणती?"

जुन्या खेळात आई-बाबाही गेले होते आणि आई याच प्रश्नावर हरली होती. ती म्हणाली कारलं, आणि बाबांनी पाटीवर लिहिलं होतं भेंडी. नातेवाइकांनी तिला पुष्कळ चिडवलं. तेव्हापासून बाबा कारलं दोनदा वाढून घ्यायला लागले, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

काल तो प्रश्न ऐकून आईने टीव्हीचा आवाज कमी केला. "अहो, आता तरी खरं सांगा, कोणती?"

"कारलंच की," बाबा म्हणाले, पण त्यांनाच ते नवीन असल्यासारखं.

मी गोंधळलेय. बायकोची बाजू राखायला खाल्लेली भाजी कधीतरी खरोखर आवडू लागते, की आवडल्याची नुसती सवय होते? आणि खरंच आवडू लागत असेल, तर आई तेव्हा चुकली होती की नाही?

तेवढ्यात पडद्यावरच्या नव्या नवरीचं उत्तर चुकलं आणि बझर वाजला. ती खट्टू झाली. आई तिला इथूनच म्हणाली, "थोडी वर्षं थांब गं. येईल बरोबर."