पितळी तांब्या

पारोळ्याच्या बाजारात एक अक्का यायच्या. भाजी घेण्याआधी त्या स्वतःचा रिकामा पितळी तांब्या विक्रेत्याच्या काट्यावर ठेवायच्या. तांब्या बरोबर अर्ध्या किलोचा. काट्याने जास्त दाखवलं की अक्का तांब्या उचलून पुढच्या भाजीवाल्याकडे वळायच्या. ही बिनभांडणाची तपासणी बघायला मी मुद्दाम त्यांच्या मागे रेंगाळायचो.

एकदा भरिताची वांगी विकणाऱ्याच्या काट्यावर आकडा आला चारशे साठ ग्रॅम, चाळीस कमी. म्हणजे किलोमागे वांगी जास्तच मिळणार! मला वाटलं, आता अक्का पिशवी भरून घेतील.

त्यांनी तांब्या उचलला. "भाऊ, तुना काटा तुलेच ठगी राह्यना. पहिले तो नीट कर, मंग माले वांगा दे."

मघाशी त्याच्याकडूनच घेतलेली दोन किलो वांग्यांची पिशवी मी हळूच पाठीमागे नेली.