बिट घासायचं न्हाई

आक्कांना जीपमध्ये बसवलं तेव्हा त्यांच्या छातीत कळ होती आणि तोंड घामानं भिजलं होतं. हिंगोलीला पोचेपर्यंत त्यांना बोलू देऊ नका, असं जो तो सांगत होता. तरी त्यांनी खिडकीतून मला बोटानं जवळ बोलावलं. "कौशे, डबा चुलीपासून लांब ठेव, त्यात गॅस हाय. आन् बिट घासू नको, माजी बाई." जीपमधल्या बाया रडता रडता हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेळ्यांना पाला टाकत होते, तेव्हा दवाखान्यातून यांचा फोन आला. यांना पुढचं बोलता येईना... आणि मला कळलं. त्याला आता महिना होऊन गेला.

सुभद्राआक्का माझ्या नणंद, सगळ्या भावंडांत थोरल्या. त्यांच्या नवऱ्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं दुसरी बायको आणली तेव्हा आक्का साखऱ्याला माहेरी परत आल्या. कुणी हळहळलं की म्हणायच्या, "त्यानं मला टाकलं न्हाई. माजं शिकून झालं म्हणून मी निघाले." चार वर्षं त्या दुकानात बसून त्यांनी बघून बघून सगळं काम उचललं होतं. पुढं रेडिओ गेले, टेप गेले, फवारणीचे बॅटरीपंप आले. पाठीवर पंप घेऊन चालताना त्याची वायर हलून हलून आतून तुटते. ती जोडायला वीज पाहिजे, आणि फवारणीच्या दिवसांत नेमकी वीज नसते. म्हणून आक्कांनी गॅसवर चालणारं सोल्डर आणलं. जाड पेनाएवढं असतं ते. पोटात लायटरचा गॅस भरायचा. पुढच्या टोकाला बिट म्हणतात, तेच तापतं, आणि त्यानं कथलाची तार वितळवून जोड द्यायचा. गोरेगावच्या बाजारात लिंबाखाली पोतं टाकून आक्का बसायच्या. एकदा एक जण चारचौघांत म्हणाला, "काय मावशी, बांगड्या भरून राहिल्या का इथं?" आक्का म्हणाल्या, "व्हय. आण तुजा हात, माप बघते." त्यांच्या हातात तापलेलं सोल्डर होतं. तो पंप खाली ठेवून गुमान बसला.

मी त्यांच्या सोबतीला जायची. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मला जमत नाही. पदर ओढून मी त्यांच्या मागं बसायची. शीक, असं आक्का कधी म्हणाल्या नाहीत. नुसतं "धर" म्हणायच्या. गॅस भरताना सोल्डर उलटं धरायचं आणि गॅसची डबी वरून सरळ दाबायची. भरलं की लगेच पेटवायचं नाही, "दम खाऊ दे त्याला." पेटवल्यावर आधी ज्योत दिसते, मग ज्योत जाते आणि आतली जाळी लाल होते. पहिल्या वेळी मी घाबरून म्हणाले, "आक्का, इझलं!" त्या म्हणाल्या, "इझलं न्हाई, आता कुठं कामाला लागलं. बाजूच्या भोकाला बोट लावू नको, तिथून गरम वारा येतो." तोवर माझ्या पदराला भोक पडलं होतं.

एकदा बाजारातून आल्यावर मी भांडी घासायला बसले. सोल्डरच्या डब्यातलं बिट काळं पडलेलं दिसलं. काळं भांडं दिसलं की माझा हात थांबत नाही. राख घेऊन घासलं, तरी निघेना, म्हणून पॉलिशपेपरनं घासलं. आतलं तांबं नव्या तांब्यासारखं लाल झालं, तेव्हा कुठं माझं समाधान झालं. पुढच्या बाजारी आक्कांनी बिट तापवून तार लावली, तर कथील त्याला धरेना. अळूच्या पानावरून पाणी घसरावं तसं घसरून पडायला लागलं. त्यांनी बिट वळवून वळवून पाहिलं... मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बाजार गोळा होईल. त्या हळूच म्हणाल्या, "पितळंच्या भांड्याची कल्हई घासून काढली तर कढी कशात करशील, कौशे? ह्याच्या अंगावर लोखंडाचं पातळ कवच असतंय. ते गेलं की बिट मेलं." नवीन बिट आलं त्या दिवशी त्यांनी सोल्डर माझ्या हातात दिलं. तापलं की ओल्या स्पंजावर हलकं पुसायचं आणि लगेच ताजं कथील लावायचं. काम संपलं की गॅस बंद करायच्या आधी पुन्हा भरपूर कथील लावायचं आणि तसंच थंड होऊ द्यायचं. "उघडं झोपवायचं न्हाई त्याला. पांघरूण पायजे." मग मात्र जन्मभर, येईल त्या पाहुण्याला सांगायच्या, "ही बघा, हिनं माजं बिट घासून मारलं."

सुतक फिटलं त्या दिवशी घर सारवलं, सगळी भांडी बाहेर काढली. थोरल्या जाऊबाईंनी आक्कांची लुगडी, वाकळ देण्यासाठी एकीकडं ठेवली. मग डबा उघडला. "किती काळं झालंय हे! घासून देते, गोरेगावच्या मोबाइलवाल्याला देऊन टाका." यांनी मान डोलावली. "घरात गॅस कशाला? आता चालवणार कोण?" ओसरीवर सगळे पाहुणे बसले होते. जाऊबाईंनी राखेत काथ्या बुडवला.

"घासायचं न्हाई!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

"काय म्हणली?" हे म्हणाले.

"बिट घासायचं न्हाई. आन् कुणाला द्यायचं न्हाई. मी चालवते."

"तुला? बाजारात मिरच्याचा भाव इचारता येत न्हाई तुला!"

"मिरच्याचा न्हाई येत. पंपाचं येतं."

मी डबा मांडीवर घेतला आणि पंगती उठेपर्यंत तिथून हलले नाही.

पण मग पंधरा दिवस मी सोल्डर पेटवलं नाही. बिटावर आक्कांचं कथील होतं. छातीत कळ आली त्या सकाळी त्यांनी कुणाची तरी बॅटरी जोडून दिली होती आणि नेहमीसारखं कथील लावून ठेवलं होतं. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. पेटवलं की वितळणार, स्पंजावर पुसलं जाणार... मी टोपण काढायची, बघायची, पुन्हा लावायची.

एका दुपारी तांड्यावरची शेवंताबाई पाठीवर पंप घेऊन चालत आली. हे दारातूनच म्हणाले, "आक्का न्हाईत आता. हिंगोलीला न्या."

"आक्का न्हाईत ते ठावं हाय मला," ती म्हणाली. "वहिनी हायत ना?"

मी तिला परत पाठवलं असतं, तर बांगड्या भरता का म्हणणाऱ्याचंच खरं झालं असतं. आणि आक्कांनी ते कथील माझ्या बघण्यासाठी लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काम करता यावं म्हणून लावलं होतं. मी सोल्डर पेटवलं. ज्योत आली, गेली, जाळी लाल झाली. आक्कांचं कथील वितळून चमकलं. मी ते ओल्या स्पंजावर पुसलं, चर्र झालं... आणि ताजी तार लावली. पहिला जोड भुरकट, कच्चा आला, तो काढून दुसरा दिला. पंप सुरू झाला आणि पाण्याचा फवारा थेट यांच्या अंगावर गेला. शेवंताबाई पोट धरून हसली. हे सदरा पिळत आत गेले.

आता मी बाजारात लिंबाखाली बसते. मान अजून वर होत नाही. परवा एकानं विचारलं, "आक्काच्या जागेवर तुमी? येतं का?" मी खाली बघूनच म्हणाले, "पंप ठेवा." घरात आक्कांचा फोटो लावायचं चाललं आहे, लावू देत. स्पंजावर पुसलेलं कथील मी जपून ठेवलेलं नाही. जाऊबाई अजून डब्याकडं बघून म्हणतात, किती काळं ते. असू दे काळं. बाजार उठला की मी बिटाला भरपूर कथील लावते, गॅस बंद करते, आणि ते थंड होईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहते.