श्यामलाचा जपानी

श्यामला वैशंपायन म्हणजे इंग्लंडातल्या आमच्या कॉव्हेंट्रीतली मुलखाची मुखदुर्बळ बाई. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात पुऱ्या लाटायला सगळ्यात आधी, फोटोत सगळ्यात मागे. नवरा चंद्रशेखर, हाडांचा मोठा सर्जन. मूलबाळ नाही. पन्नाशीच्या ह्या बाईला इथे कुणी विचारत नव्हतं, पण जपानात तिचे अकरा हजार वाचक होते. आहे की नाही गंमत!

झालं असं, २००७ साली इथल्या एका फुटबॉल क्लबात सोरा मियाके नावाचा वीस वर्षांचा जपानी पोरगा खेळायला आला. खेळायला कसला, बाकावर बसायला. श्यामलाचा बस-स्टॉप नेमका प्रॅक्टिसच्या मैदानासमोर. ती कुंपणातून बघायची आणि मोडक्या इंग्रजीत ब्लॉग लिहायची. आज सोरानं गाडीत एकट्यानं डबा खाल्ला. आज गवत कापणाऱ्या म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला. बस्स, एवढंच. आणि त्यावर जपानच्या पोरी रडायच्या! "श्यामलासान, उद्याही सांगा हं."

मला हे ठाऊक, कारण ब्लॉगवर फोटो कसे चढवायचे ते शिकायला ती माझ्याकडे यायची. आणखी कुणाला सांगितलं नव्हतं तिनं, नवऱ्यालासुद्धा नाही. मी मंडळाच्या दिवाळी अंकात पंधरा वर्षं कविता लिहितेय. मेल्या एकानं कधी विचारलं नाही, पुढची केव्हा म्हणून. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

सोराच्या वाढदिवसाला पोरींनी श्यामलाकडे पत्रं पाठवली. तिनं ती चिकटवून वही केली. क्लबाला ई-मेल केली, तर त्यांनी कळवलं, शनिवारी मॅचआधी मैदानात येऊन तुमच्या हातानं द्या.

"रेखा, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पुढे बोलावलंय गं," ती म्हणाली.

आदल्या रविवारी मंडळाचं गॅदरिंग होतं. फिशपॉन्ड आलेच. बिननावाची चिठ्ठी टाकायची, ती माइकवर वाचतात, ज्याच्यावर असेल त्यानं हसून घ्यायचं. माझी चिठ्ठी वाचली गेली: 'रोज कुंपणातून वीस वर्षांच्या फुटबॉलपटूला न्याहाळणाऱ्या श्यामलाताईंना: म्हातारी घोडी, जपानी लगाम!'

हॉल नुसता फुटला. चंद्रशेखरही हसले, मग तिच्याकडे वळून म्हणाले, "खरं आहे हे?" तिनं हसून घ्यायचं होतं. तेवढंही जमलं नाही बयेला.

गुरुवारी ती वही घेऊन माझ्या दारात. "ह्यांनी शनिवारी घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलंय. तू दे त्याला. मी आजारी आहे म्हण. पोरी वाट बघताहेत." चिठ्ठी कुणाची, ते तिनं विचारलं नाही. विचारायचं काय, दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं.

मी पैठणी नेसून गेले. पोरानं विचारलं, "श्यामलासान?"

मी म्हटलं, "येस."

कमरेत वाकला हो तो! डोळे भरले त्याचे. वही छातीशी धरून त्यानं माझ्याशेजारी फोटो काढून घेतला.

क्लबानं तो फोटो तिलाच ई-मेल केला. तिनं ब्लॉगवर चढवला, खाली एक अक्षर न लिहिता. मग मला पासवर्ड पाठवला: 'आता तूच श्यामला. लिही.'

लिहिते की. बस-स्टॉपवर तासभर उभी राहते. पोरगं धावतं, घाम पुसतं, आणखी काय दिसायचंय डोंबल? दोन महिन्यांत निम्म्या पोरी गेल्या. काल एकीनं लिहिलं, "श्यामलासान, तुमचा फोटो आला, त्या दिवसापासून तुम्ही दिसतच नाही."

मी ती कॉमेंट पुसून टाकली.