दोन उभ्या गाड्यांची टक्कर

आमच्या हिच्या मामांच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. जिन्यावरून घसरले तर पायरी भलत्याच जागी होती, आमटी खारट झाली तर मीठच गरजेपेक्षा जास्त खारट निघाले, आणि विरारला म्हणून निघून वसईला पोचले तर पाट्या लावणाऱ्यांना अक्कल नव्हती. नोकरीत असताना म्हणे त्यांचे मनगटी घड्याळ मागे पडले, तर त्यांनी घड्याळाला हात लावला नाही. हापिसातली सगळी घड्याळे मागे करून घेतली. अशा माणसाने निवृत्तीनंतर एक जुनी फियाट विकत घ्यावी, हा आचोळ्याच्या रहदारीवर नियतीने उगवलेला सूडच म्हणायचा.

गाडी दारात आली त्या दिवशी मामी पेढे वाटता वाटता एवढेच म्हणाल्या, "जरा जपून चालवा हो." झाले! मामांनी अख्ख्या बिल्डिंगसमोर हात वर करून प्रतिज्ञा केली, "ज्या दिवशी माझी चूक निघेल त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन आणि पुन्हा स्टिअरिंगला शिवणार नाही!" मामी लगेच माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, ऐकलंत ना? साक्षीला राहा." मी पेढा तोंडात असल्यामुळे मान हलवली. मामींचे काही चुकत नव्हते. त्यांना गाडी लागते. एसटी लागते, रिक्षा लागते, जत्रेतला पाळणा लांबून पाहिला तरी पोटात ढवळते. पर्समध्ये हुंगायला एक लिंबू घेतल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत.

मामांचे गाडी चालवणे ही एक बघण्यासारखी गोष्ट होती, फक्त ती आतून बघू नये. तिसरा गिअर त्यांना उर्मट वाटे, म्हणून सगळा तालुका त्यांनी दुसऱ्यात पाहिला. रिव्हर्स गिअर असतो हे त्यांना तत्त्वतः मान्य होते, पण "मागे फिरायला मी काय पळपुटा आहे पानिपतावरचा?" असे म्हणून तो त्यांनी कधी वापरला नाही. वळताना खिडकीतून हात इतका लांब काढत की गोखिवऱ्याला एका भाजीवालीने त्यात कोथिंबिरीची जुडी ठेवून दिली. मामांनी ती हातात धरूनच वळण पुरे केले. समोरून कोणी आले की ते थांबून त्याला वाट देत, तो गेला की "बघा, गेला! माणसाला काही रीत?" म्हणून चिडत, आणि तो थांबला तर "थांबलाय कशाला हा?" म्हणून चिडत.

असेच एकदा आम्ही आगाशीला एका नातेवाइकाकडे निघालो होतो. पुढे मामा-मामी, मागे मी, आणि माझ्या मांडीवर भेट द्यायचा एक फणस, एवढा थोरला की त्याच्याआडून मला समोरचे जग दिसत नव्हते. बाजाराच्या बोळात समोरून एक व्हॅन आली. तिच्यात चाफ्याच्या फुलांच्या पाट्या खच्चून भरलेल्या आणि चालवायला बावतीस नावाचे त्याच भागातले बागायतदार, वयाने मामांच्याच बरोबरीचे. दोन्ही गाड्या थांबल्या. मागे कोणीच घेईना. बराच वेळ नुसता हॉर्नचा भजनी मेळा चालला. आणि मग एकाएकी 'खण्ण' असा आवाज झाला आणि फणस माझ्या नाकावर आला.

खाली उतरून पाहतो तो फियाटचा बंपर व्हॅनच्या दिव्यात शिरलेला.

"माझी गाडी उभी होती!" मामा गरजले.

"माझी पण उभीच होती," बावतीस म्हणाले. "चर्चमध्ये आल्तारासमोर सांगेन."

उभ्या असलेल्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्याचा हा जगातला पहिलाच अपघात असावा. लोक जमले. तेवढ्यात मामींनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने खिडकीतून मान काढली आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, मला गाडी लागली हो!"

संपले. "बाईला गाडी लागली रे!" मागे आरोळी गेली. "कुठली बाई?" "ती काय, गाडीत उचलून ठेवलीये बिचारीला!" आम्ही आचोळ्याला परतेपर्यंत बातमी आमच्याही पुढे येऊन बसली होती. खालच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंनी तर डोळ्याला पदर लावून मामींनाच विचारले, "फार लागलं का हो तुमच्या मिस्टरांच्या बायकोला?"

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून बावतीस केळ्यांचा घड घेऊन समाचाराला हजर. मामींनी हातात लाटणे घेऊन दार उघडले.

"बाय, तुम्ही उठलात कशाला?"

"म्हणजे? पोळ्या कोण लाटणार?"

"पण तुम्हाला गाडी लागली ना?"

"मला काय, रोजच लागते."

बावतीसनी छातीवर क्रूस काढला. "रोज? आणि तरी मामांबरोबर राहता?"

चहा झाला, केळी झाली, भांडणही झाले. कोणाची गाडी उभी होती हे काही ठरेना. विमा कंपन्या आपापल्या जागी हटून बसल्या होत्या. मग दर रविवारी भांडण पुढे चालवायला बावतीस येऊ लागले. एकदा त्यांनीच सुचवले, "मामा, जागेवर जाऊन बघूया, उतार कुठल्या बाजूला आहे ते." मामांना अशा शोधकार्याची भारी हौस. लगेच मामींच्या पर्समधले लिंबू घेऊन आम्ही तिघे आगाशीला. फियाट जिथे होती तिथे मामांनी वाकून रस्त्यावर लिंबू ठेवले. मासळीवाली किंचाळली, "अरे दादा, भर बाजारात उतारा टाकतोस? पोरांना आत घ्या गं! पानी टाका, पानी!" या गोंधळात लिंबू आपले शांतपणे घरंगळत व्हॅनच्या जागेपर्यंत गेले. मामांनी ते उचलून रुमालाने पुसले. मग म्हणाले, "लिंबू गोल असतं. गाडी गोल असती तर मानलं असतं."

आता कंपनीचा माणूस चौकशीला घरी यायचा होता. आदल्या दिवशी मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटले.

"जावईबापू, आमचीच गाडी पुढे गेली हो. माझं लिंबू हातातून सुटून त्यांच्या पायाशी गेलं. ते काढायला हे वाकले आणि ब्रेकवरचा पाय उचलला गेला. माझ्यासाठीच वाकले."

"मग उद्या काय सांगणार?"

"उभी होती म्हणून सांगणार! किल्ली हातात घेऊन मी काय तिची आरती करू? सकाळी उठून त्या गाडीला पुसतात तेव्हा कुठे या माणसाचा दिवस उजाडतो." आणि त्या कढईत जोरजोरात कालथा फिरवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. मुंबईचा कोवळा पोरगा, गळ्यात टाय. मामा खुर्चीत ताठ. बावतीसही मुद्दाम आलेले.

"काकू, टेन्शन घेऊ नका," पोरगा म्हणाला. "बाजारात सगळे बोलतात की तुम्हाला गाडी लागली. करेक्ट?"

"हो, लागली ना."

"कुठली गाडी लागली? ती व्हॅन?"

"व्हॅन कशाला? आमचीच लागली. मी तिच्यातच तर बसले होते."

"म्हणजे तुम्ही आत बसलेल्या असताना तुम्हाला तीच गाडी लागली?"

"मग? बाहेर उभं राहून कशी लागेल?"

पोराने टाय सैल केला. "आणि तेव्हा गाडी उभी होती की चालत होती?"

"अहो, चालत होती! उभी गाडी कधी कुणाला लागते का? तुम्हाला लागते?"

मामींच्या लक्षात आले आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "नाही हो, उभी होती! ते लागणं वेगळं, हे लागणं वेगळं!" पोरगा रडकुंडीला आला. बावतीस खाकरून म्हणाले, "साहेब, त्यांची चालत असली तर जराशीच चालत असेल. जराशी माझी पण चालत असेल. लिहा तसं."

"मी नक्की काय लिहू?" पोराने विचारले.

सगळे मामांकडे बघू लागले. आता पायरी, मीठ, विरारची पाटी यांच्या ओळीत कोणाला उभे करतात याचीच मला उत्सुकता होती. मामा उठले. खिळ्यावरची किल्ली काढली आणि मामींच्या हातावर ठेवली.

"लिहा, आमची चालत होती. हिला उभी गाडी लागत नाही."

"अहो, पण लिंबू माझं होतं ना!" मामींना हुंदका आवरेना.

"लिंबाची काही चूक नव्हती," मामा म्हणाले.

त्यानंतर मामांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. मामींनी किल्ली कितीदा तरी खिळ्यावर परत टांगून पाहिली; ती तिथेच लोंबकळत राहायची. शेवटी बावतीसनीच तोड काढली. रविवारी येत, भांडायला विषय उरला नाही म्हणून थोडे हळहळत, आणि फियाट काढून दोघांना फिरवून आणत. एकदा मीही गेलो होतो. मामा बावतीसच्या शेजारी बसले होते. सुरुवातीला प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय चटईवर घट्ट रुतायचा, हात खिडकीपर्यंत जाऊन परत यायचा. मग हळूहळू त्यांची मान बाहेर वळली.

"बावतीस, हे तळं इथे कधीपासून आहे?"

"माझ्या आज्याच्या पण आधीपासून."

"आणि त्या काठावर एवढा चाफा?"

"तो माझाच, मामा."

मामा वळून मामींना म्हणाले, "अगं, या रस्त्याने किती वेळा आणलं मी तुला. तू पाहिला होतास हा चाफा?"

"नाही हो," मामी म्हणाल्या. "मी तुमच्या हाताकडेच बघत असायची."

बावतीसनी गाडी चाफ्यापाशी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.